मदत हवी आहे: डॅशबोर्डमधली ४,३१२ वस्तूंची फिल्टर-यादी वापरण्याजोगी कशी करू?

तिसरा_रकाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमच्याकडे साठा आणि विक्रीचा पॉवर बीआयमधला (मायक्रोसॉफ्टचं अहवाल बनवायचं साधन) एक डॅशबोर्ड आहे. ज्याने बनवला तो नोकरी सोडून गेला आणि फाईल माझ्या गळ्यात पडली. डावीकडे सहा स्लायसर (पानावरच्या निवडायच्या याद्या) एकाखाली एक. वर्ष, महिना, शाखा यांची काही तक्रार नाही. त्याखाली गट, पुरवठादार आणि वस्तू. पुरवठादार ६४०. वस्तू ४,३१२. प्रयोगशाळेला आणि दवाखान्यांना लागणारा माल आहे, त्यामुळे नावं लांबलचक आणि एकासारखी एक. स्क्रोलपट्टीचा ठोकळा इतका बारीक झालाय की बोट जरा हललं की माणूस 'ब' वरून थेट 'म' वर जाऊन पडतो.

लोक थोडा वेळ शोधतात, मग मला फोन करतात: "तूच काढून दे ना रे." दिवसाला चार-पाच फोन. दोन वस्तू एकत्र बघायच्या असल्या तर दुसरीवर टिचकी मारली की पहिली जाते. यादी ड्रॉपडाउन केली, तर मिटल्यावर नुसतं 'मल्टिपल सिलेक्शन्स' एवढंच दिसतं, म्हणजे काय निवडलंय हे बघायला परत उघडा.

कहर गेल्या सोमवारी झाला. साहेबांनी बैठकीत डॅशबोर्ड उघडला आणि विक्री निम्म्याहून खाली. खोलीत चिडीचूप. दहा मिनिटं सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी निघालं काय, तर शुक्रवारी त्यांनीच एक पुरवठादार निवडला होता आणि ती निवड तशीच राहिली होती.

सर्च बॉक्स चालू करून झालाय. फारसा फरक पडला नाही. आता गट, उपगट, वस्तू असं झाड करू का? की स्लायसर काढून टाकून दुसरंच काही करायचं असतं?

बेरीजवजाबाकी

झाडाचं नंतर बघू. आधी पाच-दहा मिनिटांत होणारी कामं उरका.

स्लायसरच्या फॉरमॅटमध्ये 'सिलेक्शन' खाली 'मल्टी-सिलेक्ट विथ कंट्रोल' असा खटका आहे. तो बंद करा. मग कंट्रोल न दाबताही एकापुढे एक टिक करता येतात. हा खटका कुठल्या हिशोबाने आधीपासून चालू ठेवतात, देव जाणे.

तुमच्या आधीच्या माणसाने जागा वाचवायला स्लायसरचं शीर्षक बंद केलेलं असेल तर ते चालू करा. निवड पुसायचं खोडरबर त्या शीर्षकातच असतं. शिवाय 'क्लिअर ऑल स्लायसर्स' आणि 'अप्लाय ऑल स्लायसर्स' अशी दोन बटणं मिळतात, दोन्ही टाका. अप्लाय नसेल तर प्रत्येक टिकेसरशी पानावरचे सगळे तक्ते पुन्हा मोजले जातात. दहा वस्तू निवडायच्या म्हणजे दहा वेळा थांबा. डायरेक्ट क्वेरी (म्हणजे आकडे दर वेळी थेट मूळ डेटाबेसमधून आणणं) असेल तर विचारूच नका.

साहेबांच्या बाबतीत जे झालं तो बिघाड नव्हे. अहवाल ऑनलाइन उघडणाऱ्या प्रत्येकाचे शेवटचे फिल्टर लक्षात ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तसेच लावून मिळतात. वरती रिसेटचं बटण असतं, त्याने मूळ स्थिती येते. पण त्या बटणाकडे कोणी बघत नाही, म्हणून पानाच्या माथ्यावर एक पट्टी ठेवा. मेजर (म्हणजे पॉवर बीआयमधलं सूत्र) असा लिहा: निवड ३ पर्यंत असेल तर ती नावंच दाखव (कॉनकॅटिनेटएक्स या फंक्शनने जोडून), त्याहून जास्त असेल तर पहिली ३ आणि पुढे 'आणखी २७', आणि काहीच निवडलं नसेल तर 'सर्व पुरवठादार'. निवड असली की पट्टीचा रंग बदलू द्या. बैठकीत नजर आधी तिथे गेली पाहिजे.

आडवी_रांग

सर्च चालू केलाय म्हणता आणि तरी लोक शोधतच बसतात. मग ते त्या सर्चमध्ये नक्की काय टाइप करतात? कोणाच्या शेजारी बसून बघितलंत का कधी?

चिमूटभर_विदा

यूएक्सचा (वापरायला सोप्या रचनेचा) एक नियम आहे की माणसाला एका वेळी ७ अधिक-उणे २ गोष्टीच झेपतात. त्यामुळे कुठल्याही यादीत ९ च्या वर नोंदी नकोतच. गट, उपगट, उप-उपगट असं पाडत जा.

पिव्होटवाली

@चिमूटभर_विदा, तो ७ अधिक-उणे २ चा आकडा मिलर यांच्या १९५६ च्या लेखातला, आणि तो आहे अल्पकालीन स्मरणाबद्दल. यादी डोळ्यांसमोर असताना ती पाठ कशाला ठेवायची? तुमच्या हिशोबाने ४,३१२ वस्तूंसाठी चार पायऱ्या उतराव्या लागतील आणि प्रत्येक पायरीवर 'आता हे कुठल्या गटात टाकलं असेल' हे कोडं. नायट्राइल हातमोजा 'सुरक्षा' मध्ये की 'एकदा वापरून टाकायच्या वस्तू' मध्ये? ज्याने गट पाडले त्यालाच ठाऊक.

तिसरा_रकाना, आडवी_रांग यांनी विचारलंय ते आधी करा. कागद-पेन घेऊन बसा, मधे बोलू नका.

तिसरा_रकाना

बसलो. दोन जणांच्या शेजारी, अर्धा-अर्धा तास. मधे न बोलणं फारच जड गेलं.

पहिल्या आमच्या खरेदीच्या ताई. त्यांना रोज सकाळी मेल येतो, त्यात २५-३० वस्तूंचे कोड. त्यातला पहिला कोड त्यांनी कॉपी केला, सर्चमध्ये चिकटवला. उत्तर शून्य. कारण माझ्या स्लायसरमध्ये नुसती नावं आहेत, कोड नाहीतच! मग त्यांनी दुसरी फाईल उघडली, कोडवरून नाव शोधलं, नाव कॉपी केलं, परत इकडे. असं २५ वेळा. गेले आठ महिने त्या हे करतायत. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, "मला वाटलं असंच असतं."

दुसरे गोदामातले काका. त्यांनी 'मध्यम हातमोजे' असं टाइप केलं. काही नाही आलं. यादीत ते 'हातमोजे, नायट्राइल, मध्यम' असं आहे. मग त्यांनी सर्च सोडून दिला आणि हाताने खाली सरकायला लागले. 'क्ष-किरण फिल्म' शोधायला यादीच्या तळाशी गेले, आपण शाळेत बाराखडी शिकलो तसं ळ, क्ष, ज्ञ शेवटी. ती तिथे नव्हतीच. होती 'क' मध्ये.

आणि एक गंमत. 'पांढऱ्या टोपणाची बाटली, ५०० मिली' यादीत दोनदा आहे. दोन्ही ओळी शंभरदा वाचल्या. एकही अक्षर वेगळं नाही. एकीवर विक्री दिसते, दुसरीवर वेगळीच विक्री दिसते.

पिव्होटवाली

ती दोन नावं वेगळीच आहेत, फक्त आपल्या डोळ्यांना कळत नाहीत. 'पांढऱ्या' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र दोन वेगळ्या अक्षरमालिका. एक नाव फोनवरून टाइप केलं असेल, दुसरं दुसऱ्याच कीबोर्डवरून. पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमध्ये माल आत घेताना साफ करायची जागा) एक बदली लिहा, 'र, हलन्त, जोडचिन्ह' दिसलं की त्याजागी 'ऱ, हलन्त'. 'दुसऱ्या', 'कोऱ्या', 'बाहेरच्या कोपऱ्याची' अशी जितकी नावं असतील तितकी एका फटक्यात जुळतील. पण फक्त नावं जुळवून थांबू नका. त्या दोन ओळींना दोन कोड पडले असणार, मास्टरमध्ये (वस्तूंच्या मूळ यादीत) ते एकत्र करावे लागतील.

'क्ष' चं कारणही तेच. संगणकाच्या लेखी ते एक अक्षर नाही, क, हलन्त आणि ष आहे. नुसत्या संगणकातल्या अक्षरक्रमाने लावलं की ते 'क' मध्येच जाणार. वेगळा क्रमांकाचा रकाना करून 'सॉर्ट बाय कॉलम' ने तो क्रम लावता येतो. अट एकच, एका नावाला एकच क्रमांक हवा. एका नावाला दोन क्रमांक मिळाले तर ते चूक दाखवून अडून बसतं.

यादीच्या अगदी वर, 'अ' च्याही आधी, काही नावं दिसतायत का? ती बहुतेक सुरुवातीला स्पेस असलेली. शब्दाच्या शेवटचे साधे स्पेस पॉवर बीआय स्वतःच काढतं, सुरुवातीचे नाही. एक्सेलमधून माल येत असेल तर आणखी एक उपद्रव असतो, १६० क्रमांकाचं न तुटणारं स्पेस. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात हमखास. एक्सेलचं ट्रिम त्याला हातही लावत नाही, 'सब्स्टिट्यूट' ने वेगळं काढावं लागतं.

आणि यादीत 'ब्लँक' अशी एक नोंद असेलच. विक्रीत असा कोड आहे जो मास्टरमध्ये नाही, म्हणून ती उगवते. ती लपवू नका हो. लपवलीत की बेरीज जुळत नाही, आणि मग तिचा शोध घेत बसायची पाळी तुमच्यावरच येते.

आडवी_रांग

कोड नाही हे कळलं, छान. लेबलाचा नवा रकाना करा: कोड, मध्ये एक रेघ, मग नाव. सर्च त्या रकान्यात कुठेही जुळणारा तुकडा शोधतो, त्यामुळे ताई कोड टाकतील, काका 'नायट्राइल' टाकतील, दोघांचं चालेल. 'मध्यम हातमोजे' मात्र तरीही सापडणार नाही, कारण शब्द त्याच क्रमाने लागून नाहीत. आकार हा वेगळा रकाना काढता आला तर बघा.

पण मला दुसरंच काही खुपतंय. ताईंच्या मेलमध्ये ते २५-३० कोड येतात कुठून?

रंगीत_ठोकळे

आम्ही टॅब्लोवाले (तेही असंच डॅशबोर्डचं साधन), म्हणून जरा बाहेरचं सांगतो. तिथे 'मल्टिपल व्हॅल्यूज, कस्टम लिस्ट' असा फिल्टरचा प्रकार आहे. लांब यादी दाखवतच नाही. टाइप करा, शोधा, घेतलेल्यांचीच छोटी यादी खाली जमत जाते. माझ्या मते कुठल्याही मोठ्या यादीचं मूळ रूप असंच असायला हवं होतं. तिथेच 'ओन्ली रेलेव्हंट व्हॅल्यूज' आहे, म्हणजे बाकीच्या फिल्टरांत जे उरलंय तेवढंच दिसतं. मोहक आहे, पण प्रत्येक बदलाला यादीसाठी वेगळी क्वेरी जाते. चार फिल्टरांवर लावलंत की डॅशबोर्ड रांगायला लागतो.

एक मुद्दा कोणी काढला नाही. 'या दोन सोडून बाकी सगळ्या' हे निवडायचं असतं तेव्हा लोक ४,३१० टिका ठेवतात. टॅब्लोत 'एक्सक्लूड' वेगळं आहे. फरक पुढच्या महिन्यात कळतो. नवीन वस्तू आली की 'वगळा' वाल्या फिल्टरमध्ये ती आपोआप धरली जाते, आणि एकेक टिकवाल्यात ती गुपचूप बाहेर राहते.

कोरा_कागद

पुरवठादार निवडला की वस्तूंची यादी आकसायला हवी, हे तुमच्याकडे होतंय का? नसणार. एकाच टेबलातले दोन स्लायसर एकमेकांना आपोआप गाळतात, म्हणून गट आणि वस्तू यांचं जमत असेल. पुरवठादार मात्र वेगळ्या टेबलात. गाळणी तिथून विक्रीच्या टेबलापर्यंत येते आणि थांबते, पलीकडे वस्तूंवर चढत नाही.

इथे बरेच जण रिलेशनशिप (दोन टेबलांमधला दुवा) दोन्ही दिशांची करून टाकतात. करू नका. आज चालेल, उद्या तिसरं टेबल जोडाल तेव्हा गाळणी कुठून कुठे जाते हे तुमचं तुम्हालाच कळणार नाही, वर सगळं मंद होईल. त्यापेक्षा विक्रीच्या ओळी मोजणारा साधा मेजर घ्या. वस्तूंचा स्लायसर निवडा, फिल्टरच्या पट्टीत त्या एका व्हिज्युअलपुरता (म्हणजे पानावरच्या त्या एका चौकटीपुरता) हा मेजर टाका आणि अट द्या, 'रिकामा नाही'. झालं. आता निवडलेल्या पुरवठादाराच्या आणि निवडलेल्या काळातल्याच वस्तू दिसतील. मेलेल्या वस्तू आपोआप गळतील.

एक खड्डा आहे. वस्तू आधी निवडली, मग वरचा पुरवठादार बदलला, दोघांत समाईक काही नाही, की सगळं पान कोरं. लोकांना वाटतं डॅशबोर्ड मोडला. रिकाम्या तक्त्याच्या जागी 'या निवडीत नोंद नाही, निवड पुसून पाहा' एवढं तरी लिहा.

चिमूटभर_विदा

मिलरचं मागे घेतो. :) पण एक प्रश्न: हे सगळं एक्सेलमध्ये असेल तर? आमच्याकडे पॉवर बीआय नाही.

बेरीजवजाबाकी

एक्सेलच्या स्लायसरला (२०१० पासून आहेत) स्वतःचा सर्च नाही, म्हणून लांब यादीला स्लायसर लावूच नका. फिल्टरच्या बाणाखालच्या सर्चचा वापर करा. त्यातही दोन गोष्टी. दुसऱ्यांदा सर्च केलात की पहिली निवड उडते, ती राहायला हवी असेल तर 'अ‍ॅड करंट सिलेक्शन टू फिल्टर' वर टिक. आणि त्या यादीत १०,००० च वेगवेगळ्या नोंदी दिसतात, पुढच्या असून दिसत नाहीत. 'माझा कोड गायब झाला' म्हणून एकदा मी स्वतः अख्खी दुपार घालवली आहे.

तिसरा_रकाना

आडवी_रांग, तुमच्या त्या प्रश्नावर मी दोन दिवस अडकलो होतो. आज ताईंना विचारलं. मेल गोदामातून येतो. तिथे एक जण रोज सकाळी साठ्याचा तक्ता उघडतो, किमान पातळीच्या खाली गेलेल्या वस्तू डोळ्यांनी बघतो, त्यांचे कोड टाइप करतो आणि ताईंना पाठवतो. ताई ते कोड माझ्या डॅशबोर्डमध्ये एकेक करून निवडतात.

साठा माझ्याच मॉडेलमध्ये (डॅशबोर्डमागच्या जोडलेल्या टेबलांमध्ये) आहे. किमान पातळी वस्तूंच्या मास्टरमध्ये आहे. दोन्ही रकाने एकाच फाईलमध्ये, आठ महिने.

आडवी_रांग

मग त्यांना २५ वस्तू निवडायच्याच नाहीत. त्यांना एक अट हवी आहे. साठा किमान पातळीहून कमी, बस. त्यांच्यासाठी वेगळं पान करा, त्यावर वस्तूंचा स्लायसर नकोच.

कोणाला खरोखरच बाहेरून आलेली यादी चिकटवायची असेल तर तो वेगळा विषय. फिल्टर पट्टीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये दोनच अटी बसतात, तिथे २५ कोड जाणार नाहीत. यादी चिकटवता येणारी बाहेरची व्हिज्युअल मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी आयटी ती बंद ठेवतं. नाहीतर एक सामायिक एक्सेल फाईल, त्यात कोड, ती मॉडेलला जोडलेली. फक्त प्रो परवान्यावर नियोजित रिफ्रेश (ठरल्या वेळी आकडे ताजे होणं) दिवसाला ८ च मिळतात हे आधी सांगून ठेवा, नाहीतर फोन परत सुरू.

तिसरा_रकाना

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय, उशीर झाला, माफी.

मास्टर साफ केला. जोडचिन्हाच्या भानगडीने १९ जोड्या निघाल्या, सुरुवातीच्या स्पेसच्या ११. 'ब्लँक' खाली ७ कोड होते, त्यातले ५ नुसते चुकीचे टाइप झालेले. कोरा_कागद यांचा मेजर लावल्यावर चालू वर्षात हललेल्या वस्तू उरल्या १,१८०. पुरवठादार निवडला की बहुतेक वेळा पडद्यावर मावतील इतक्याच. लेबलात कोड आला. 'क्ष' तळाशी नेला. माथ्यावरची पट्टी निवड असली की नारिंगी होते, आणि गेल्या बैठकीत साहेब स्वतःच म्हणाले, "थांबा, काहीतरी लागलंय." मी मनात पेढे वाटले.

झाड केलं नाही. ज्यांना रोज तेच बघायचं असतं अशा चौघांना पर्सनल बुकमार्क (ज्याची त्याची जपून ठेवलेली निवड) करून दिले, आणि तोच त्यांचा 'डीफॉल्ट' ठेवला.

ताईंच्या पानावर आता फक्त शाखेचा स्लायसर आहे. उघडलं की खाली गेलेल्या वस्तू समोर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आणि निवडायचं कुठे?" निवडायचं नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ पडद्याकडेच बघत राहिल्या. गोदामातला मेल मात्र अजून रोज येतो. मी काही बोललो नाही. त्यात दोनदा अशी वस्तू निघाली जी माझ्या पानावर नव्हती, कारण मास्टरमध्ये तिची किमान पातळी कोणी भरलीच नव्हती.

एक शंका राहिलीये. काका अजूनही सर्च वापरत नाहीत, १,१८० मधून सरकत जातात. त्यांच्यासाठी काही करू का?

पिव्होटवाली

त्यांना हवी ती वस्तू मिळते का?

तिसरा_रकाना

मिळते. वर जाता जाता चार दुसऱ्या वस्तू दिसतात, त्यांचं काहीबाही वहीत टिपून घेतात.

पिव्होटवाली

मग राहू द्या ना. त्या वहीत काय असतं ते मात्र एकदा बघून या, आणि इथे सांगा.